समोरचा ४०० पॉइंटनी वर असेल तर? बुद्धिबळाच्या टुर्नामेंटमधल्या असमान डावांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेअरिंग, म्हणजे कोण कोणाशी खेळणार ती यादी, लागली, आपलं नाव शोधलं, समोरच्याच्या नावापुढचा रेटिंगचा, म्हणजे ताकदीचा, आकडा बघितला आणि पोटात गोळा आला, किंवा उलट, आकडा बघून मनातल्या मनात एक पॉइंट लिहूनच टाकला, अशा दोन्ही मंडळींसाठी हे पान आहे. मुख्यतः क्लासिकल म्हणजे लांब वेळेच्या डावांबद्दल लिहिलंय, रॅपिड-ब्लिट्झचं, म्हणजे कमी वेळेच्या डावांचं, जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलंय.

पहिल्याच राउंडला एवढा तगडा माणूस माझ्याच वाट्याला कसा आला?

तुमच्याच नाही, जवळपास सगळ्यांच्या वाट्याला आलाय. ओपन टुर्नामेंट बहुतेक वेळा स्विस पद्धतीने होते. सगळ्यांना रेटिंगप्रमाणे वरून खाली लावतात, यादी मधोमध कापतात आणि वरच्या अर्ध्यातला पहिला खालच्या अर्ध्यातल्या पहिल्याशी, दुसरा दुसऱ्याशी असं जुळवत जातात. म्हणजे १०० जण असतील तर १ नंबर ५१ शी, २ नंबर ५२ शी, आणि ५० नंबर १०० शी. त्यामुळे पहिल्या राउंडला प्रत्येक बोर्डावर एक भारी आणि एक हलका असतो. दुसऱ्या राउंडपासून सारखे गुण असलेल्यांना एकत्र आणतात, तिथून फरक हळूहळू कमी होत जातो. ही पद्धत नवी नाही, १८९५ साली झुरिकच्या स्पर्धेत ती पहिल्यांदा वापरली. पहिल्या एकदोन राउंडचे एकतर्फी डाव टाळायला काही आयोजक ॲक्सिलरेटेड पेअरिंग वापरतात, तुमच्या स्पर्धेत आहे का ते माहितीपत्रकात लिहिलेलं असतं.

४०० पॉइंटचा फरक म्हणजे माझा चान्स नक्की किती?

रेटिंगची ही सिस्टीम आर्पाद एलो या फिजिक्सच्या प्राध्यापकांनी बसवली आणि फिडेने (बुद्धिबळाची जागतिक संघटना) १९७० मध्ये स्वीकारली. त्यातलं गणित असं की १०० पॉइंटचा फरक असेल तर वरच्याकडून ०.६४ गुणांची अपेक्षा, २०० ला ०.७६, ३०० ला ०.८५ आणि ४०० ला ०.९२. पण लक्षात घ्या, हे जिंकण्याचे टक्के नाहीत, गुणांचे आहेत, ड्रॉचा अर्धाही त्यातच आला. म्हणजे २०० पॉइंटनी वरचा माणूस १०० डावांत ७६ गुण करतो असं म्हटलं तर तो ६० जिंकून, ३२ ड्रॉ करून, ८ हरूनही ७६ होतात. बरेच लोक ७६ म्हणजे तो ७६ डाव जिंकणार आणि मी २४ असं धरून बसतात, मग ड्रॉ झाला की चमत्कार झाल्यासारखं सांगत फिरतात, तर चमत्कार वगैरे काही नाही, तो हिशोबातच होता.

हरलो तर किती जातील, जिंकलो तर किती येतील?

तुम्ही १५००, समोरचा १९००, दोघांचाही के (एका डावाने रेटिंग किती हलतं ते ठरवणारा आकडा) २० धरू. तुम्ही हरलात तर १.६ जातात. ड्रॉ केलात तर ८.४ येतात, जिंकलात तर १८.४. समोरच्याचं बरोबर उलटं, जिंकून त्याला फक्त १.६ मिळतात, ड्रॉ झाला की ८.४ गेले, हरला की १८.४. आता हे जरा त्याच्या खुर्चीत बसून बघा. तुमच्याशी हरला तर ते भरून काढायला त्याला असलेच बारा डाव जिंकायला लागतील! घाबरायचंच असेल तर त्याने घाबरावं, तुमचं जातंय काय, दीड पॉइंट.

अठराच्या आतल्या पोरांना, रेटिंग २३०० च्या खाली असेपर्यंत, के ४० असतो, म्हणजे त्यांचे आकडे दुप्पट होतात, तोच डाव जिंकला तर ३६.८. नवीन रेटिंग मिळालेल्यांनाही पहिले ३० डाव होईपर्यंत ४०. एकदा २४०० गाठलं की के १० होतो आणि तो परत वाढत नाही.

फरक ७०० चा असेल तर हरल्यावर काहीच जाणार नाही का?

जाईल. ४०० च्या वरचा फरक ४०० च धरतात. अगदी टॉपच्या, २६५० आणि त्यावरच्या खेळाडूंना मात्र ऑक्टोबर २०२५ पासून ही सवलत नाही, त्यांना खरा फरक लागतो. त्याच वर्षी टॉपचा अमेरिकन खेळाडू हिकारू नाकामुरा कँडिडेट्सच्या (वर्ल्ड चॅम्पियनला आव्हान कोण देणार ते ठरवणारी स्पर्धा) पात्रतेसाठी लागणारे ४० क्लासिकल डाव पुरे करायला अमेरिकेतल्या छोट्या ओपन स्पर्धांत जाऊन बसला होता, समोर अगदी साधे क्लब प्लेअर. त्याच्यावर लोकांनी टीका केली, पण नियमात बसत होतं आणि समोरच्यांना आयुष्यभर सांगायला एक डाव मिळाला, माझ्या मते वाईट काही नव्हतं त्यात.

समोरच्याला रेटिंगच नाही. मग?

रेटिंगवाल्यासाठी तो डाव रेटिंगमध्ये धरत नाहीत, स्पर्धेचे गुण मात्र मिळतात. अनरेटेड माणसाला पहिलं रेटिंग मिळायला रेटेड खेळाडूंशी किमान पाच डाव लागतात. आणि १ मार्च २०२४ पासून रेटिंगची खालची पायरी १४०० आहे, त्याच दिवशी २००० च्या खालच्या सगळ्यांचे आकडे एकदाच वर उचलले होते, म्हणून जुन्या आकड्यांशी तुलना करत बसू नका.

समोर दहा वर्षांचं पोरगं आहे आणि रेटिंग १४५०. सोपं आहे ना?

नाही हो. पोरांचं रेटिंग कायम मागे असतं, त्यांचा खेळ महिन्याला बदलतो आणि आकडा नंतर रांगत येतो, के ४० त्यासाठीच ठेवलाय तरी पुरत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बुर्गडॉर्फच्या ओपनमध्ये सिंगापूरच्या आठ वर्षांच्या मुलाने पोलंडच्या ग्रँडमास्टरला क्लासिकल डावात हरवलं. खुर्चीवर गुडघे दुमडून बसलेलं, मधेच जांभया देणारं पोर टॅक्टिक्स मात्र एका नजरेत बघतं. त्यांच्याशी खेळताना मारामारीच्या खुल्या डावात शिरण्यापेक्षा शांत, लांब, बारीक फायद्याचा डाव बरा पडतो असा बऱ्याच मोठ्यांचा अनुभव आहे.

तगडा खेळाडू नक्की वेगळं काय करतो? दहा चाली पुढचं बघतो?

हा गैरसमज सगळ्यात जुना. कधीकधी बघतो, पण तुम्ही त्या दहा चालींमुळे हरत नाही. आपला हरलेला डाव इंजिनवर, म्हणजे चाली तपासणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रामवर, टाकून बघा, साधारण चित्र असं दिसतं की वीस-बावीस चालींपर्यंत सगळं बरोबरीत आहे, मग एक किंचित सैल चाल, मग अजून एक, आणि मग तिसरी जिथे सोंगटीच गेली. त्याने काय केलं? त्याने प्रत्येक चालीला तुम्हाला एक छोटा प्रश्न विचारला. हे प्यादं राखणार का? हा घोडा इथे शोभतो का? वजीर कुठे जाणार? एकही प्रश्न अवघड नव्हता, पण चाळीस प्रश्न लागोपाठ आले आणि एक्केचाळिसाव्याला तुम्ही दमलात. शिवाय तो स्वतः वाईट जागी असला तरी लगेच कोसळत नाही, कसाबसा चिकटून राहतो. तुमच्या बरोबरीच्या माणसाशी तुम्ही दोनचार पॉइंट फुकट मिळवता, इथे ते फुकटचे मिळत नाहीत, एवढाच फरक आहे आणि तो पुष्कळ मोठा आहे.

त्यावरून एक साधी गोष्ट करा. प्रत्येक चालीनंतर "याने आत्ता काय धमकी दिली" एवढं एकच स्वतःला विचारायचं, अगदी ती चाल बावळट दिसत असली तरी. बावळट दिसणारी असेल तर दोनदा.

ड्रॉसाठी खेळू का? सगळ्या सोंगट्या मारून टाकल्या तर ड्रॉ होतोच ना?

या पानावरचा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे.

होतं असं की खालचा खेळाडू ठरवून येतो की वजिरावजिरी करायची, हत्ती मारामारी करायची, पट रिकामा केला की धोका संपला. आता प्रत्येक मारामारीत कोणीतरी एक पाऊल पुढे जातो. तुम्ही उंट मारायला एक चाल घालवता, तो परत मारताना आपली सोंगटी चांगल्या घरात आणून बसवतो. असं तीनचार वेळा झालं की मारामारी सारखी झालेली असते पण त्याचा राजा मध्यावर, हत्ती खुल्या पट्टीत आणि तुमची प्यादी विखुरलेली. आणि मग सुरू होतो एंडगेम, थोड्याच सोंगट्या उरल्यावरचा शेवट, म्हणजे बरोबर तो भाग जिथे त्याच्यात आणि तुमच्यात सगळ्यात जास्त अंतर आहे. ओपनिंग, म्हणजे सुरुवातीच्या चाली, कोणीही दोन आठवड्यात पाठ करतो, एंडगेम तसा येत नाही.

एक अगदी लहान उदाहरण पटावर मांडून बघा. तुम्ही काळे, तुमचा एकटा राजा ई७ वर. पांढऱ्याचा राजा ई५ वर, प्यादं ई६ वर. चाल तुमची. जायला तीनच घरं आहेत, डी८, ई८ आणि एफ८. सरळ मागे ई८ ला गेलात तर ड्रॉ. तो राजा डी६, तुम्ही डी८, तो प्यादं ई७ शह, तुम्ही ई८, आता प्यादं राखायचं तर त्याला राजा ई६ करायलाच लागतं आणि तुमच्याकडे चाल नाही, स्टेलमेट. पण पहिल्याच चालीला डी८ ला गेलात तर तो राजा डी६, तुम्ही ई८, तो प्यादं ई७, आता तुम्हाला एफ७ हे एकच घर उरतं, तो राजा डी७ आणि प्यादं वजीर झालं. एफ८ ला गेलात तरी हेच, फक्त दुसऱ्या बाजूने. पटावर तीन सोंगट्या, तीन घरं, त्यातलं एक अर्ध्या पॉइंटचं आणि दोन शून्याची. तगड्या माणसाला हे झोपेत येतं, तुम्हाला चार तास खेळून झाल्यावर, घड्याळात दोन मिनिटं असताना हे आठवेल का? आठवत असेल तर खुशाल मारामारी करा.

तुम्ही सोंगटीने वर असाल तर गोष्ट वेगळी, तेव्हा सोंगट्या माराव्यात, प्यादी राखावीत. पण नुसतं घाबरून मारामारी करणं म्हणजे त्याच्या घरी जाऊन त्याच्याशी कुस्ती खेळणं.

मग उलट, डाव एकदम गुंतागुंतीचा करून टाकू का?

तेही मुद्दाम नको. जे कधी खेळला नाहीत ते गॅम्बिट (सुरुवातीलाच प्यादं सोडून देणारं ओपनिंग) फक्त समोरचा मोठा आहे म्हणून काढायचं, हा दुसरा आवडता उद्योग. तुमचं नेहमीचं ओपनिंग खेळा, जिथे पंधराव्या चालीला सोंगट्या कुठे जातात ते तुम्हाला हाताला माहीत आहे. आणि एक छुपा फायदा तुमच्याकडे आहे, तुमचे डाव डेटाबेसमध्ये फारसे नसतात, त्याचे असतात. तुम्ही त्याची तयारी करू शकता, तो तुमची नाही.

त्याने पहिल्याच चालीला काहीतरी विचित्र खेळलं. माझा अपमान करतोय का?

बहुतेक वेळा तो फक्त तुम्हाला पुस्तकातून, म्हणजे पाठ केलेल्या चालींतून, बाहेर काढतोय. विचित्र चाल म्हणजे वाईट चालच असं नाही. १९८० मध्ये स्काराला युरोपियन टीम चॅम्पियनशिपमध्ये टोनी माइल्सने अनातोली कार्पोवच्या ई४ ला ए६ असं उत्तर दिलं, पुढे बी५, आणि कार्पोव तेव्हा वर्ल्ड चॅम्पियन होता. डाव माइल्स जिंकला. तिथे खालच्याने वरच्याला पुस्तकाबाहेर काढलं हे खरं, पण धडा दोघांनाही लागू, चिडून ती चाल "शिक्षा" करायला धावलात की तुमचाच तोल जातो. मध्यावर प्यादी, सोंगट्या बाहेर, कॅसलिंग, बास.

त्याने सोंगटी फुकट सोडली. घोडचूक आहे का सापळा?

रेटिंग बघून ठरवू नका, मोजून ठरवा. खालचे खेळाडू इथे हमखास म्हणतात "एवढा मोठा माणूस चुकेल कसा" आणि फुकटचा उंट सोडून देतात. मोठी माणसंही चुकतात, अगदी सरळ चुकतात. दुसऱ्या बाजूला १९५६ मध्ये न्यूयॉर्कला तेरा वर्षांच्या बॉबी फिशरने डोनाल्ड बर्नला वजीर घेऊ दिला आणि बदल्यात त्याच्या राजाला उघड्यावर आणून डाव काढला, आणि तिथे नावाने मोठा बर्न होता. तेव्हा पाच-दहा मिनिटं द्या, घेतल्यावर त्याचे सगळे शह आणि सगळ्या मारामाऱ्या बघा, काही सापडलं नाही तर घ्या. घेऊन हरलात तर निदान काय होतं ते शिकाल, न घेता हरलात तर रात्रभर इंजिन लावून हळहळत बसाल.

त्यानेच ड्रॉ ऑफर केला! लगेच हात मिळवू का?

थांबा. पहिलं म्हणजे हात पटापासून लांब ठेवा. नियम असा आहे की ऑफर तुम्ही तोंडाने नाकारेपर्यंत किंवा चाल करायच्या हेतूने सोंगटीला हात लावेपर्यंत उभी असते. म्हणजे तुमच्या घड्याळावर तुम्ही पाहिजे तेवढा विचार करू शकता, ऑफर कुठे पळून जात नाही. तो बघतोय, वाट बघतोय, म्हणून घाई करायची काही गरज नाही.

आता विचार कशाचा? वर आकडे दिलेत, ड्रॉ झाला तर त्याचे ८.४ जातात. मग तो स्वतःहून ते का देतोय? कारणं दोनचारच असतात. एक, त्याची पोझिशन खराब आहे आणि तुम्हाला ते अजून दिसलेलं नाही. दोन, त्याचा वेळ संपत आलाय. तीन, शेवटचा राउंड आहे आणि अर्ध्या पॉइंटने त्याला बक्षीस पक्कं होतंय. चार, तब्येत बरी नाही किंवा कंटाळा. यातल्या पहिल्या दोनमध्ये तुम्ही खेळत राहायला पाहिजे. म्हणून पट बघा, घड्याळ बघा, स्पर्धेचा तक्ता आठवा, या क्रमाने. पोझिशन खरंच बरोबरीची असेल आणि तुमच्याकडे पाच मिनिटं उरली असतील तर घ्या ड्रॉ, त्यात कमीपणा काही नाही. पण तुम्ही एक प्यादं वर आणि तो डोळे चोळत ऑफर देतोय, तर नम्रपणे पुढची चाल खेळा.

काही स्पर्धांत ठराविक चालींच्या आत आपसात ड्रॉ करता येत नाही, आधी विचारून ठेवा.

मी ऑफर केला तर चालेल का? आगाऊपणा वाटेल का?

एकदा, खरोखर बरोबरीच्या पोझिशनमध्ये, आपली चाल पटावर करून आणि घड्याळ दाबायच्या आधी. स्कोअरशीटवर (चाली लिहायचा कागद) त्या चालीपुढे बरोबरचं चिन्ह काढायचं. दर चार चालींनी विचारत बसलात तर तो त्रास देणं धरलं जातं आणि समोरचा आर्बिटरकडे, म्हणजे पंचाकडे, तक्रार करू शकतो. हरायला लागल्यावर ऑफर करणं म्हणजे मी घाबरलोय हे सांगणं, त्याने उलट त्याला जोर येतो.

मी जिंकतोय आणि हात थरथरतायत. आता?

हे तर सगळ्यांचंच होतं. इथे डाव जाण्याची कारणं मला दोन दिसतात. एक म्हणजे "आता काही चुकायचं नाही" असं म्हणत माणूस सगळ्या सोंगट्या मागे ओढतो, ज्या आक्रमक चालींनी पोझिशन मिळाली त्याच बंद करतो आणि समोरच्याला श्वास घेऊ देतो. दुसरं म्हणजे चाली पटापट खेळतो, लवकर संपवून टाकू म्हणून. दोन्हीवर उपाय एकच, उठून पाणी पिऊन या, परत बसा, आणि समजा ही पोझिशन तुमच्या बरोबरीच्या मित्राशी आली असती तर काय खेळला असता ते खेळा. चाल आधी लिहून मग खेळायची सवय असेल तर सोडा, फिडेच्या नियमात ते चालत नाही, आधी पटावर, मग कागदावर.

आणि तो शेवटपर्यंत रिझाइन करणार नाही, म्हणजे हार मानून डाव सोडणार नाही, हे गृहीत धरा. हत्ती-राजाची मात, वजीर-राजाची मात स्टेलमेट न करता येते ना? नसेल येत तर घरी सराव करून या, हे पानावर वाचून होत नाही.

वेळेचं काय करायचं?

खालचा खेळाडू दोन टोकं गाठतो, एकतर धाकाने पहिल्या दहा चालींना अर्धा तास घालवतो किंवा समोरचा पटापट खेळतोय म्हणून स्वतःही पटापट खेळतो. त्याच्या वेगाशी तुमचं काही देणंघेणं नाही. ९० मिनिटं अधिक दर चालीला ३० सेकंद असं नेहमीचं घड्याळ असेल तर विसाव्या चालीला तुमच्याकडे निदान ४५ मिनिटं पाहिजेत असं मी धरतो, हा काही नियम नाही. रॅपिड आणि ब्लिट्झमध्ये वेळच कमी म्हणून तगडाही जास्त चुकतो, पण तुम्हीही, आणि तिथे सवय असलेला तरतो.

तो चाल करून उठून जातो, हॉलभर फिरतो. मला किंमत देत नाही का?

दुसऱ्या बोर्डांवर काय चाललंय ते बघतोय. तुमची चाल असताना तुम्ही मात्र बसा.

सीनियर खेळाडू म्हणाला असा नियम आहे. मानायचं का?

नाही. घड्याळ थांबवा आणि आर्बिटरला बोलवा, अगदी समोर ग्रँडमास्टरसारखा किताब असलेला टायटल प्लेअर असला तरी. त्यात भांडण वगैरे काही नाही, पद्धतच ती आहे. विशेषतः हात लावलेली सोंगटी, बेकायदा चाल आणि तीनदा तीच पोझिशन या तीन गोष्टींवर वाद होतात. पहिल्या बेकायदा चालीला समोरच्याला दोन मिनिटं जास्त मिळतात, क्लासिकलमध्ये दुसऱ्या वेळी डाव जातो. तीनदा पोझिशन आली तर ड्रॉ आपोआप होत नाही, क्लेम करायला लागतो, पाचदा आली की मग आर्बिटर स्वतः थांबवतो. आणि हे सगळं सिद्ध करायला तुमची स्कोअरशीट नीट लिहिलेली पाहिजे, गिचमिड नको.

कधी रिझाइन करायचं? मोठ्या माणसाशी ताणत बसणं बरं दिसत नाही म्हणतात.

म्हणू दे. पहिली काही वर्षं मातपर्यंत खेळलात तरी चालतं, त्यात तुम्हाला त्याचं टेक्निक फुकट बघायला मिळतं. वर उल्लेख केलेल्या फिशरच्या डावात बर्नने मात होईपर्यंत खेळू दिलं, एक्केचाळिसाव्या चालीला मात झाली, कोणी त्याला नावं ठेवली नाहीत. फक्त हरलेल्या पोझिशनमध्ये चिडून पंधरा-पंधरा मिनिटं नुसतं बसून राहू नका, ते मात्र खरंच बरं दिसत नाही.

आता उलट बाजू. मी ३०० पॉइंटनी वर आहे आणि असे डाव मला नीट काढता येत नाहीत.

कारण तुम्ही ते "काढायला" बसता. बाराव्या चालीपर्यंत काही मिळालं नाही की अस्वस्थ व्हायला लागता, मग बरोबरीची पोझिशन मान्य नसते म्हणून काहीतरी ओढूनताणून करता आणि तिथे सापडता. खालच्याला फक्त उभं राहायचंय, जास्तीची जोखीम तुम्ही घेताय, म्हणून खरी परीक्षा तुमचीच.

सोंगट्या पटावर ठेवा, प्याद्यांची रचना किंचित वेगळी असू द्या, दोन्ही बाजूंना खेळ असू द्या. आणि मग वाट बघा. सगळ्यात वाईट जागी असलेली आपली सोंगटी शोधायची आणि ती सुधारायची, परत तेच. घाणेरडं ओपनिंग "हा काय, याला समजणार नाही" म्हणून खेळू नका, इंजिनमुळे आज कुणालाही कुठल्याही सापळ्याचं उत्तर पाठ असतं. आणि चाळिसाव्या चालीलाही खरंच बरोबरी असेल तर ड्रॉ द्या, ७ पॉइंट जातील, जाऊ देत. रागाने खेळून १७ घालवणारे जास्त बघितलेत.

अजून एक, बाहेरच्या गोष्टींनी लक्ष उडू देऊ नका. २०२३ च्या कतार मास्टर्समध्ये मॅग्नस कार्लसन २५१२ रेटिंगच्या अलिशेर सुलेमेनोवशी हरला आणि नंतर म्हणाला की समोरच्याच्या हातातलं घड्याळ बघून त्याचं लक्षच लागलं नाही. त्याने चीटिंगचा आरोप केला नाही हेही तितकंच खरं, आणि समोरचा पोरगा फार सुंदर खेळला होता. पण जगातला एक नंबरचा माणूस मनगटी घड्याळात अडकू शकतो तर तुमचं-आमचं काय.

मोठे अपसेट खरंच होतात का, का आपण फक्त दिलाशासाठी सांगतो?

होतात, आणि खूप होतात. २००३ मध्ये लिनारेसला पंधरा वर्षांच्या तैमूर राजाबोवने गॅरी कास्पारोवला हरवलं. २००४ मध्ये रेक्याविकला रॅपिडमध्ये तेरा वर्षांच्या कार्लसनने त्याच कास्पारोवशी ड्रॉ केला. आणि आपल्याला सगळ्यात जवळचं म्हणजे दिव्या देशमुख, जुलै २०२५ मध्ये बातुमीला महिला वर्ल्ड कपमध्ये तिला पंधरावं मानांकन होतं, ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म (किताबासाठी लागणारी स्पर्धेतली कामगिरी) नव्हता, आणि ती झू जिनेर, हरिका, टॅन झोंगयी यांना बाहेर काढत फायनलला कोनेरू हंपीशी बरोबरीनंतरच्या टायब्रेक डावांमध्ये जिंकली आणि थेट ग्रँडमास्टर झाली. नॉकआउटमध्ये एक मॅच म्हणजे दोनच क्लासिकल डाव असतात, तिथे रेटिंगला आपलं म्हणणं मांडायला फार वेळ मिळत नाही.

पूर्वी म्हणे मोठा खेळाडू प्यादं किंवा घोडा कमी घेऊन खेळायचा. टुर्नामेंटमध्ये तसं मागता येतं का?

नाही. एकोणिसाव्या शतकात ही पद्धत जोरात होती, पॉल मॉर्फी हत्ती किंवा घोडा कमी घेऊन खेळायचा. आज रेटेड डावात दोघांच्या सोळा-सोळा सोंगट्याच असतात. घरी मित्राशी खेळायला मात्र मस्त प्रकार आहे.

डाव झाल्यावर त्याला "जरा दाखवता का" म्हटलं तर चालेल?

चालेल, विचारा, बहुतेक जण आनंदाने बसतात, हरले असतील तर मात्र पाच मिनिटं जाऊ द्या. खेळायच्या हॉलमध्ये नाही, बाहेर, ॲनालिसिसच्या टेबलवर. आणि इंजिनने काय सांगितलं ते विचारू नका, ते तुम्हाला घरीही मिळेल. "अठराव्या चालीला तुम्ही काय विचार करत होतात" हे विचारा. बऱ्याचदा कळतं की जिथे तुम्हाला वाटलं तुम्ही हरताय तिथे तो घाबरलेला होता.

पहिल्याच राउंडला मोठ्याशी हरलो, आता टुर्नामेंट गेली का?

उलट, टायब्रेकमध्ये, म्हणजे सारख्या गुणांवर वरचा कोण हे ठरवताना, ती हार उपयोगी पडू शकते. बुखोल्झ म्हणजे तुमच्या सगळ्या प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांची बेरीज, आणि तो माणूस पुढे सात-आठ गुण करणार असेल तर ते तुमच्या बेरजेत येतात. सुरुवातीला मुद्दाम अर्धा पॉइंट सोडून पुढे सोपे प्रतिस्पर्धी मिळवायचे, ज्याला खेळाडू थट्टेने स्विस गॅम्बिट म्हणतात, त्यात नेमकी हीच गोची होते, गुण होतात पण बुखोल्झ पडतो आणि सारख्या गुणांवर नाव खाली जातं. कुठला टायब्रेक आधी धरणार ते प्रत्येक स्पर्धेत वेगळं असतं, पहिल्या दिवशीच विचारून घ्या.